कागदावरची मजुरी

दि. ३ जून

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. दुकानाला दर्शनी बाजूने नवी काच बसवलीस, छान केलंस. आता फर्निचर रस्त्यावरूनच दिसेल.

इकडे माझ्या उजव्या अंगठ्याने संप पुकारला आहे. पंचवीस वर्षं वेताच्या खुर्च्या विणल्या. आता वेत ताणला की कळ थेट कोपरापर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, मनगटात नस दबली आहे, शस्त्रक्रिया लांबवलीत तर बोटं कायमची बधिर होतील. सरकारी इस्पितळात कमी उत्पन्नवाल्यांना ती फुकट आहे, पण त्यासाठी रिटर्न भरल्याची पावती लागते. म्हणजे गरिबीसुद्धा तोंडी चालत नाही.

तर कर कार्यालयात गेले. वेत, खिळे, रोगण, बसभाडं वजा जाता वर्षाचे एक्क्याण्णव हजार उरतात, तेवढे लिहिले. खिडकीतल्या बाईंनी आकडा पाहिला, मग मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मागची वीस माणसं ऐकतील अशा आवाजात विचारलं, की एवढ्यात माणूस जगतो कसा. मी म्हटलं, की तो रकाना फॉर्मात नाही, असता तर तोही भरला असता. रांगेत कोणीतरी हसलं. मी मात्र घरी येऊन सगळा हिशेब पुन्हा मांडला, एक्क्याण्णवच निघाले. एक पुरवणी कागद राहिलाय, तो जोडून सोमवारी रिटर्न देऊन मोकळी होते.

वहिनी हल्ली पत्राखाली दोन ओळीही लिहीत नाही. माझं काही चुकलं का?

राग त्या बाईंवर आहे, लोभ तुम्हा दोघांवर. तुमचाही आटू देऊ नका.

तुझी,
बिट्टी

दि. ७ जून

चि. बिट्टीस अनेक उत्तम आशीर्वाद.

लहानपणी बाईंना उलट उत्तर देऊन वर्गाबाहेर उभी राहायचीस, पन्नाशी उलटली तरी खोड गेली नाही. वाचून हसलो.

पण थोरला म्हणून सांगतो, रिटर्नच्या भानगडीत पडू नकोस. उत्पन्न मर्यादेच्या आत असलं की भरावा लागत नाही. एकदा त्यांच्या दप्तरात नाव गेलं की दरवर्षी शुक्लकाष्ठ. शस्त्रक्रियेचा खर्च मी करतो, खासगीत करू. तू सोमवारी जाऊ नकोस. गेली नाहीस एवढं उलट टपाली कळव.

वहिनीचं मनावर घेऊ नकोस. तिचे गुडघे दुखतात.

माया आहेच, ती वेगळी काय लिहायची.

तुझा,
दादा

दि. १९ जून

दादा,

नमस्कार लिहायला हात उठत नाही, अंगठा बरा असता तरी उठला नसता.

तुझं पत्र मंगळवारी आलं. रिटर्न मी सोमवारीच दिला होता. काल, गुरुवारी, त्यांनी बोलावून घेतलं. या वेळी आतले साहेब होते, सभ्य माणूस, बसायला खुर्ची दिली. म्हणाले, की एका फर्निचरच्या दुकानाने गेली चार वर्षं महिना वीस हजार मजुरी मला दिल्याचं दाखवलंय, मग हे एक्क्याण्णव हजार कुठले? मी हसत म्हटलं, की माझ्या नावाची दुसरी कोणी असेल. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला. वर आपल्या बाबांच्या नावाचं दुकान आणि खाली माझी सही. प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कोण करायचं ते मी विसरलेले नाही, दादा.

चार वर्षं. त्यातली दोन मी एकाच चपलेला टाके घालत काढली. घरमालकाने पाणी तोडलं तेव्हा समोरच्या शिंपीणबाईंकडून बादल्या भरून आणल्या. आणि त्याच महिन्यांत तू मला वीस वीस हजार देत होतास. चोरी तुझी आणि मुद्देमाल माझ्या घरात. आता पावती आणि तिच्यावरची फुकट शस्त्रक्रिया थांबवली आहे, वर उत्पन्न लपवल्याचा संशय माझ्यावर. लेखी खुलाशाला पंधरा दिवस दिलेत.

खर्च मी करतो असं का म्हणालास, ते आता कळलं. मला वाटलं होतं, बहिणीचा हात दुखतोय म्हणून.

बिट्टी

दि. २४ जून

चि. बिट्टीस आशीर्वाद.

तोंड वर करून लिहीत नाही. दुकान बुडत होतं, सुताराचा पगार द्यायला पैसे नव्हते. हिशेबनीस म्हणाला, मजुरी वाढवून दाखवा, घरच्याच माणसाचं नाव घाला, कर वाचेल. बाजारात सगळेच करतात. तुझं उत्पन्न इतकं कमी, की तुझ्याकडे कोणी पाहणार नाही असं वाटलं.

आता एकच कर. मजुरी मिळाली असं लिहून दे. तुझ्यावर जो कर बसेल तो मी भरतो, शस्त्रक्रियेचा खर्चही मीच करतो. तुझं जातं काय? मी अडकलो तर बाबांच्या नावाला काळं लागेल. लोकांनी विचारलं तर मी काय सांगू?

मोठा भाऊ म्हणून नाही, हात जोडून मागतो. वहिनीला यातलं काही कळवू नकोस.

दादा

दि. २८ जून

दादा,

तुझ्याकडे कोणी पाहणार नाही असं वाटलं, हे वाक्य मी तीनदा वाचलं. खिडकीतल्या बाईंना निदान मी जगते कशी हा प्रश्न तरी पडला. तुला तोही पडला नाही.

माझं जातं काय, विचारतोस. मी जे कमावलं ते माझ्या बोटांनी. तेवढंच आहे, पण खरं आहे. ते खोटं होतं असं मी लिहून देणार नाही. खरा खुलासा तीन तारखेला देते आहे. तुला आधी सांगते, कारण पाठीत वार करायची सवय मला नाही.

वहिनीला कळवू नकोस म्हणालास. म्हणून या पत्राची नक्कल, सगळ्या हकिकतीसह, तिच्या नावाने वेगळी टाकली आहे.

बिट्टी

दि. १ जुलै

प्रिय वन्सं यांना सप्रेम नमस्कार.

पत्र वाचलं आणि तशीच दुकानाच्या वह्या काढून बसले. दर महिन्याच्या एक तारखेला तुमच्या नावापुढे वीस हजार मी माझ्या हाताने वहीत लिहीत होते. हे म्हणायचे, एकटी आहे, तिला लागतात. मी गुडघ्याचं औषध पुढच्या महिन्यावर ढकलायचे आणि मनात म्हणायचे, एवढं घेते बाई, पण उपकाराचा एक शब्द नाही. म्हणून लिहिणं सोडलं होतं. चार वर्षं तुमच्यावर फुकट रागावले. तो सगळा राग आता योग्य माणसाकडे वळवला आहे.

यांच्या गल्ल्याच्या वहीशी ताडून पाहिलं, पैसे दुकानातच राहिले, ती काच त्यातलीच. वह्या घेऊन मी तीन तारखेच्या सकाळी तुमच्याकडे पोचते. हे दारात आडवे उभे राहिले होते. मी म्हटलं, की बाजूला होता की वह्या टपालाने थेट कर कार्यालयात पाठवू. झाले बाजूला.

मनात किल्मिष ठेवू नका, आणि मला एक उशी काढून ठेवा.

तुमची,
वहिनी

दि. ३० जुलै

दादा,

हात पट्टीत आहे म्हणून मी सांगते आणि वहिनी लिहिते.

साहेबांनी वह्या पाहिल्या, वहिनीचा जबाब घेतला. माझा रिटर्न मंजूर झाला, एक्क्याण्णव हजारांचाच. पावती घेताना खिडकीतल्या बाई खाली बघत होत्या. शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली, फुकट. अंगठ्याच्या टोकाला टाचणी टोचलेली कळली, तेव्हा डॉक्टरांसमोर रडले.

तुला नोटीस येईल. चार वर्षांचा कर आणि दंड भरावा लागेल, सुटका नाही. साहेब म्हणाले, की आपणहून कबूल केलंत तर दंड कमी होईल. तेवढं कर. सुताराचा पगार मात्र थकवू नकोस, त्याचा यात काही दोष नाही.

वहिनी म्हणते, ती अजून महिनाभर इथे राहील. हे वाक्य तिने मी न सांगता लिहिलं आहे.

लोकांनी विचारलं तर काय सांगू, म्हणाला होतास. सांग, की माझ्या बहिणीचं नाव मी न विचारता वापरलं होतं, ते तिने परत नेलं.

लोभ असावा असं लिहायचा रिवाज आहे. आज मी तो मागत नाही. माझ्यात किती उरलाय ते आधी मला बघू दे.

बिट्टी