तुझ्या पोटातलं थोडंसं

प्रिय भोपळ्या,

पन्नाशी उलटलेल्या माणसाला अशी हाक मारू नये हे मला कळतं. पण तुझ्या खऱ्या नावानं सुरुवात केली, तर सरकारी कागद समजून तू पत्र न उघडताच खिडकीच्या फटीत कोंबशील. टेकडीवरच्या त्या हवामान केंद्रात फोन लागत नाही, आणि लागलाच तर वाराच जास्त बोलतो, तू नुसता हं हं करतोस. म्हणून लिहायला बसले. निवांत वाच, मध्येच उठून पाऊस मोजायला जाऊ नकोस.

आधी बातमी. रक्ताच्या आजारावरचा पहिला उपचार मला मानवला, हे तुला कळवलं होतं. पुढचा मोठा उपचार मात्र अडून बसलाय. त्यात शरीराची सगळी राखण आधी मोडून काढतात आणि मग हाडांत रक्त तयार करणारी नवी मज्जा घालतात. मधले काही दिवस माणूस अगदी उघड्यावर पडल्यासारखा असतो. तेवढ्यात आतड्यातला एखादा दांडगा जंतू रक्तात उतरला, तर त्याच्यावर चालणारं औषध हाताशी हवं. आणि माझ्या पोटात नेमके असे जंतू निघालेत, की शेवटची म्हणून राखून ठेवलेल्या औषधांनाही ते दाद देत नाहीत. जन्मभर प्रयोगशाळेत मी लोकांचे जंतू वाढवले, आता माझ्या जागी आलेली मुलगी माझे वाढवते. हे सांगायला ती आली तेव्हा रडवेली झाली होती, शेवटी मीच तिची समजूत घातली.

तुला विज्ञानाचा कंटाळा आहे, तरी एवढं ऐकून घे. मध्यंतरी न्यूमोनिया झाला तेव्हा मला कार्बापेनेम जातीची ती जालीम औषधं भरपूर द्यावी लागली. माझ्या आतड्यातले साधेसुधे जंतू त्यात पटापट मेले आणि दवाखान्यातून आलेला एक पाहुणा तेवढा तगला. त्याच्याजवळ प्लाझ्मिड असतं. प्लाझ्मिड म्हणजे मूळ जनुकांहून वेगळं असं एक चिमुकलं कडं. औषध कसं फोडायचं, त्याची कृती त्यात असते. हा पठ्ठ्या बारीक नळी टाकून शेजारच्या जंतूला जवळ ओढतो आणि त्या कड्याची नक्कल त्याला देऊन टाकतो. स्वतःचं स्वतःकडे राहतंच, स्वेटरची वीण शेजारणीला शिकवावी तसं. शेजारी आपल्या जातीचा आहे की नाही, हेही बघत नाही. पहिल्या तपासणीत एकच जात अशी निघाली होती. पुढच्या तपासणीत ई. कोलाय, म्हणजे प्रत्येकाच्या पोटात राहणारा अगदी घरचा जंतू, तोही तेच कडं घेऊन बसलेला सापडला. घरभेदी मेला.

त्यामुळे सध्या माझा थाट राजेशाही आहे. स्वतंत्र खोली, स्वतंत्र संडास, दारावर पिवळी पाटी. येणारा प्रत्येकजण निळा झगा आणि हातमोजे चढवूनच आत येतो. नर्स बिचारी प्रेमळ आहे, कपाळावर हात ठेवते, पण तो रबराचाच. दुपारी कुणी नसलं की मला तू आठवतोस. खडू खाणारा, माती खाणारा, पाटीवरची पेन्सिल कडाकडा चावून वर पाणी पिणारा. आई म्हणायची, याच्या पोटात खिळे टाकले तरी जिरतील. आई आजारी पडली, तेव्हा तू दवाखान्याच्या फाटकाबाहेरच बसून राहिलास, वर आलाच नाहीस. ती गेली आणि तू टेकडीवर निघून गेलास. त्यानंतर तू कधी गोळी घेतली नाहीस, ताप आला तर गरम पाणी पिऊन झोपतोस. यावरून मी तुझ्याशी किती भांडले असेन. तू सुट्टीत तरी यावंस म्हणून दर वर्षी तुझी खोली झाडून ठेवते, हे मात्र तुला कधी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं, आणि हसू नकोस. तुझा तो हट्टच आज माझ्या उपयोगाचा आहे. औषधांची झळ न लागलेल्या माणसाच्या पोटात चांगल्या जंतूंची दाटी असते. त्याची विष्ठा नीट तपासून, गाळून माझ्या आतड्यात सोडली, तर ते तिथं धरतात, विरजण लागावं तसे, आणि त्या कडं बाळगणाऱ्या जंतूंना जागा उरत नाही. नेहमीच जमतं असं नाही, पण करून बघण्यासारखं आहे. बहिणी भावांकडे काय काय मागत असतील, हे मागणारी बहुधा मीच पहिली. तुला दवाखान्यात यावं लागेल, रक्त तपासावं लागेल, जरा लाजावंही लागेल. माझ्यापासून तुला धोका नाही, हात धुतले की झालं.

इथवर लिहून पत्र बंद करणार होते. पण तुझ्याशी खोटं बोलणं मला कधी साधलं नाही. भोपळ्या, तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. दवाखान्याकडे तपासलेले, ठणठणीत दाते तयार आहेत आणि डॉक्टर याच आठवड्यात हे सुरू करणार होते. मीच म्हटलं, थांबा, मला भाऊ आहे. तो येईल का असं त्यांनी विचारलं, तर मी बेधडक हो म्हणून मोकळी झाले. नुसतं ये म्हटलं तर तू येणार नाहीस, तुला काही तरी काम लागतं, म्हणून हे काम काढलं. ते पंधरवडाभर थांबतील, त्यापुढे नाही. काही दिलं नाहीस तरी चालेल, पण ये. मोठ्या उपचारातून मी बाहेर पडेन की नाही, हे डॉक्टरही छातीठोक सांगत नाहीत, आणि तुला एकदा बघितल्याशिवाय मला त्यात शिरायचं नाही.

तुझीच,
ताई