नानांची जिन रमी

१६ नोव्हेंबर २०२४, शनिवार

परत हरले मी. नाना म्हणाले, "सूनबाई, तुझा सगळा जीव स्वतःच्या पानांत. मी काय उचलतो ते कोण बघणार?"

काय सांगू त्यांना — माझा जीव माझ्या पानांतही नव्हता. सकाळीच अपूर्वचा फोन आला होता. दिवाळीला घरी आला नाही तेव्हाच मला कळायला हवं होतं. भुवनेश्वरला बदली झाल्यापासून तिथे त्याच्या बँकेतलीच कुणीतरी आहे. "मी आता परत नाही येणार, इंदू. नानांना एवढ्यात सांगू नकोस, त्यांच्या छातीचं माहितीये ना तुला."

म्हणजे मला सोडायचं, आणि त्याच्या वडिलांना जपायचं तेही मीच.

सासूबाई गेल्यापासून नाना आमच्याकडे आहेत, इथे एअरोसिटीत, विमानतळाजवळच्या वसाहतीत. गॅलरीत ऊन आलं की एकटेच पत्ते लावत बसतात. आज मी आपणहून समोर जाऊन बसले. खेळताना माणूस फार प्रश्न विचारत नाही.

२० नोव्हेंबर

लायब्ररीतून लवकर सुटले. पुन्हा डाव. नाना एअरफोर्समध्ये आसामात होते तेव्हा शिकले ही जिन रमी — पावसानं विमानं जमिनीवर, दुसरं करणार काय.

दोघांना दहा-दहा पानं. तीन सारखी किंवा एकाच रंगाची ओळीनं तीन, अशी जोड लावायची. उरलेल्या सुट्या पानांचे गुण दहा किंवा त्याच्या आत आले की टेबलावर टकटक करून डाव उघडायचा. मी मात्र दहाच्या दहा पानं लागायची वाट बघत बसते, आणि तेवढ्यात नाना टकटक करून मोकळे. "पुऱ्या डावाची हाव धरू नये. लवकर उघड. सुरुवातीला समोरच्याचीही पानं विस्कटलेलीच असतात."

मग माझ्या हातातले दोन राजे बघून म्हणाले, "हे किती वेळ धरून बसलीस? तिसरा येतच नाही. दोन-चार फेऱ्या बघायच्या आणि टाकून द्यायचे. नाहीतर दहा-दहाचा भार तुझ्याच डोक्यावर."

कुकर बघते म्हणून उठले. पत्त्यांत नवरा शोधू नये, एवढं कळतं मला. तरी नळ सोडून रडले.

२४ नोव्हेंबर

अपूर्वच्या शर्टांचं कपाट उघडलं. बंद केलं.

१४ डिसेंबर, शनिवार

सेक्टर १७ ला वकीलबाईंकडे गेले. नानांना सांगितलं, बँकेत काम आहे. बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, "देखो जी, दोनों राज़ी हो तो ज़्यादा टाइम नहीं लगता." दोघं राजी. मी राजी आहे का, हे कुणी विचारलंच नाही — त्यानं नाही, बाईंनी नाही, मीही नाही.

नंतर तिथल्याच बाजाराच्या प्लाझात बाकावर बसून राहिले. एवढ्या थंडीत एक जोडपं आइस्क्रीम खात होतं, एकाच कपातून. बघवेना, उठले.

घरी आले तर नाना पत्ते पिसत होते. "झालं काम?"

"झालं."

पानं वाटता वाटता म्हणाले, "आज दुसरा शनिवार." दुसऱ्या शनिवारी बँका बंद असतात. मुलगा बँकेत असलेल्या माणसाला मी हे सांगून गेले होते!

१५ डिसेंबर

अवनीनं सकाळीच सांगून टाकलं. चौदा वर्षांची आहे, पण घरात सगळं आधी तिलाच कळतं. "मम्मा, आजोबा को सब पता है. उन्होंने पापा को फोन किया था. बहुत डाँटा."

दुपारी डाव मांडला. मी आठ्ठी टाकणार होते, तर म्हणाले, "मधली पानं धरून ठेव. सत्ती, आठ्ठी दोन्ही बाजूंना लागते. राजाला पुढे वाटच नसते." मी ऐकलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याविरुद्ध जिंकले. आनंद झाला नाही.

"नाना, तुम्हाला माहीत आहे."

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबलो." चष्मा काढून पुसत राहिले. "मी रोज तुझ्यासमोर कुठल्या तोंडानं बसतो ते माझं मला ठाऊक."

मी उठून पत्ते गोळा केले. चहा केला. कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

२२ डिसेंबर

नाना आहेत तोवर हे घर आहे. अवनीला शाळेतून आल्यावर कुणीतरी दार उघडतं. मलाही. बाकी काय लागतं माणसाला. खूप काही लागतं, पण सध्या एवढं पुरे.

४ जानेवारी २०२५

धुक्यानं विमान उशिरा आलं. अपूर्व आला. सोफ्याच्या कडेला बसला, पाहुणा बसतो तसा. अवनी खोलीतून बाहेर आलीच नाही.

"नानांना मी घेऊन जातो," म्हणाला. "तुझ्यावर आता कशाला ओझं."

"ते ओझं नाहीत. आणि ते येणार नाहीत. विचार त्यांना."

किती खात्रीनं म्हणाले मी. जवळजवळ हसतच.

नानांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, "मी जातो अपूर्वबरोबर."

"नाना?"

"तो माझा मुलगा आहे, सूनबाई. चुकला तरी माझाच."

आणि बॅग भरायला आत गेले. अपूर्व गेला तेव्हा निदान मला राग तरी आला होता. आज तोही येत नाही.

५ जानेवारी

गेले. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. नाना दारात थांबले होते थोडं, मला ते जाणवत होतं. मी वळले नाही. नमस्कार केला नाही. घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिले. अवनी बॅग धरून खाली गेली.

१३ जानेवारी

लोहडी. खाली सोसायटीत शेकोटी पेटवली आहे, ढोल चाललाय. शेजारच्या आंटी रेवड्या घेऊन आल्या. "भाईसाब कहाँ हैं? दिखते नहीं."

"बेटे के पास गए."

"अच्छा जी, बेटे के पास ही ठीक है." हो. सगळ्यांचंच ठीक आहे.

संध्याकाळी नानांचा फोन आला. वाजू दिला.

२५ जानेवारी

अवनीनं पत्ते आणून समोर टाकले. "चलो." खेळले. तिनं टाकलेलं एक पान मी उचलायला गेले, पुढेमागे उपयोगी पडेल म्हणून. ती म्हणाली, "मत उठाओ, जब तक जोड पूरी ना हो. सामनेवाला समझ जाता है तुम्हें क्या चाहिए. आजोबा बोलते थे."

मला काय हवं होतं ते समजूनच गेले की ते. पत्ते तिच्या हातात दिले आणि उठले. पोरगी तशीच बसून राहिली बिचारी.

वकीलबाईंना 'राजी आहे' म्हणून कळवलं. घर कसं चालवायचं ते अजून कळत नाहीये.

२ फेब्रुवारी

आज नानांचा फोन पुन्हा कापला आणि अवनी रडायलाच लागली. सांगणार नाही असं तिनं त्यांना कबूल केलं होतं, पण आता राहवेना. टॅक्सीत बसण्याआधी नाना तिला म्हणाले होते — "मी इथं राहिलो तर तुझी आई जन्मभर माझी सूनच राहील. तिला सुटू दे. मला वाईट म्हणेल, म्हणू दे."

फोन लावला.

"कोण?"

'सूनबाई' हाच नेहमीचा शब्द ओठावर आला होता. मी म्हणाले, "इंद्रायणी."

नाना म्हणाले, "बोल, इंद्रायणी."