पहिल्या वर्गातली तिसरी जागा

१४ मार्च, दुपार

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील. इथे आम्ही दोघंही ठीक. तुझ्या भाऊजींचा गुडघा कुरकुरतो, पण स्वतः भाऊजींपेक्षा कमीच.

तू फोन उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसले आहे. हे पत्र फाडायचं असेल तर खुशाल फाड, पण आधी वाच.

आधी तिकिटांचं सांगते. तुझ्या पन्नाशीला युरोपात आगगाडीने फिरायचं, तेही फर्स्ट क्लासने, असं ठरल्यापासून मी त्या कॉम्प्युटरसमोर बसून अर्धी झाले. पास घ्यावा की वेगवेगळी तिकिटं, इथूनच डोकेदुखी सुरू. पास घेतला म्हणजे झालं, असं नाही. पास म्हणजे नुसता गाडीत चढायचा हक्क. वेगवान गाड्यांत बसायची जागा वेगळी राखायची. म्हणजे जेवायला बोलवायचं आणि वर खुर्ची घरून आणा म्हणायचं! सगळं भरत आणलं की पान आपोआप बंद. पुन्हा नाव, पुन्हा जन्मतारीख, पुन्हा आपण यंत्र नाही हे पटवायला सायकलींची चित्रं ओळखा. तिसऱ्या वेळी मी किंचाळले, तेव्हा तुझे भाऊजी आतून म्हणाले, “अगं, ओळख की पटकन सायकल. नाहीतर यंत्र समजून तुलाच बंद करतील.” त्यांना काय, त्यांना यायचंच नाही.

कंटाळून प्रवास कंपनीत फोन केला. तिथल्या बाई म्हणाल्या, “मॅडम, तिकडे सेकंड क्लाससुद्धा छान असतो. कशाला फर्स्ट?” मी म्हटलं, मला फर्स्टच हवाय. “पण का?” मला गर्दी सोसत नाही, असं काहीतरी पुटपुटले आणि फोन ठेवला.

त्या फर्स्ट क्लासच्या डब्याचा नकाशा मला आता पाठ झालाय. एका बाजूला एकेकटी खुर्ची, दुसऱ्या बाजूला दोन-दोन. गाडी कुठल्या दिशेला जाणार ते लिहिलेलं नाही, म्हणजे डोंगर तोंडासमोर येणार की पाठीमागे जाणार, हे नशिबावर. पण सरोवराकडून डोंगरात जाणाऱ्या एका जुन्या गाडीत अजून बंद कप्पे आहेत. सहा खुर्च्या, सरकतं दार. दार ओढलं की बाहेरचा आवाज नाही. सहा तासांचा प्रवास. तो कप्पा मिळाल्यावर मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! शाळेच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं मी मुलांना एकमेकांशी बोलता येऊ नये अशा जागा मांडल्या. या वेळी उलट मांडायच्या होत्या.

आता तू दात-ओठ खात असशील. बरं, उगाच घोळ घालत नाही.

तिकिटांचा ईमेल फक्त माझ्याकडे येईल अशी माझी समजूत होती. तो प्रत्येक प्रवाशाला जातो, हे कुणी सांगितलं नाही. त्यामुळे तुझ्या फोनवर तीन नावं गेली. माझं, तुझं आणि मेहुण्यांचं. तुझ्या नावापुढे अजून त्यांचंच आडनाव.

तुझा लगेच फोन आला. “ताई, तिसरं तिकीट कुणासाठी?” मी म्हटलं, अगं, कंपनीची चूक असेल. “आणि माझं आडनाव?” मी म्हटलं, सवयीने पडलं गं. तू फोन ठेवलास. त्याला आज बारा दिवस झाले.

दोन्ही खोटं होतं. घटस्फोटाचा कागद मी डोळ्यांनी पाहिलाय. नवा पासपोर्ट आला तेव्हा तू तो सगळ्यात आधी मला दाखवायला आणला होतास. पण एका आडनावाचे दोघं असले की शेजारच्या जागा लवकर मिळतील, अशी मी माझ्याच मनाची समजूत घातली. मेहुण्यांना फोनही मीच केला होता. “तुम्ही म्हणता तर येतो,” म्हणाले. मला वाटलं, दार बंद, दोघं समोरासमोर. मी चहाच्या निमित्ताने बाहेर जाऊन उभी राहीन. डोंगर येईपर्यंत तुमचं जुळलेलं असेल.

खरं सांगते, मला राग तुझाच होता. दारू नाही, हात उगारणं नाही, आमच्याकडचे नळ न सांगता दुरुस्त करून जाणारा माणूस. असा सोन्यासारखा माणूस कुणी सोडतं का, असं लोक म्हणायचे. मी त्यांना कधी अडवलं नाही, कारण मलाही तेच वाटत होतं.

पहिले दोन दिवस मी नुसती धुसफुसत होते. मग जेवतानाही फोन बघायला लागले. वाजला नसताना वाजल्याचा भास व्हायचा. मी नेमकं काय बोलले, कुठल्या सुरात बोलले, हेच डोक्यात घोळवत बसायचे. परवा तुझे भाऊजी म्हणाले, “आज मीठ विसरलीस का?” तर मला रडू फुटलं. मिठासाठी रडणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली.

काल मेहुण्यांना फोन करून सांगितलं, तुमचं तिकीट रद्द करते आहे, माझं चुकलं. ते म्हणाले, “बरं.” पुढे काहीच नाही. फोन ठेवलाही नाही. मी हॅलो हॅलो करत राहिले. पलीकडे श्वास ऐकू येत होता, शब्द नाही. मी माफी मागितली, कशाची ते मलाच ठाऊक नाही. पुन्हा मागितली. शेवटी मीच फोन बंद केला.

आणि मग मला आठवलं. तू माझ्या स्वयंपाकघरात उभी होतीस. कामावरून थेट आलेली, कवळ्यांच्या साच्यांची पांढरी पूड बोटांवर तशीच. तू म्हणालीस, “ताई, अकरा महिने झाले, तो माझ्याशी बोललेला नाही. एक शब्द नाही. मी घरात आहे की नाही, हेच मला कळेनासं झालंय.” आणि मी म्हटलं, “बरं की मग, भांडण तरी नाही. थोडं सांभाळून घे.” वर डबा भरून दिला.

तू बारा दिवस बोलली नाहीस तर मी रडकुंडीला आले. आणि मला कारण तरी माहीत आहे. तू अकरा महिने काढलेस, कारण न कळता, त्याच घरात, त्याच टेबलाशी. त्याच माणसाबरोबर मी तुला सहा तास कोंडायला निघाले होते. धाकटे, माझं चुकलं. आता नाही, तेव्हाच चुकलं.

तिकिटावरचं नाव बदलून मिळत नाही. सगळं रद्द करून नव्याने काढावं लागलं. तो कप्पा गेला. त्या गाडीच्या फर्स्ट क्लासमध्ये आता लांब-लांबच्या एकट्या खुर्च्या उरल्यात, सेकंडमध्ये शेजारी-शेजारी मिळतात. माझा जुना स्वभाव असता तर मी एव्हाना आपल्या दोघींचं ठरवून मोकळी झाले असते. मी फक्त तुझी जागा काढली आहे. फर्स्ट क्लास, खिडकीची. आडनाव तुझं स्वतःचं, माझ्याकडच्या तुझ्या पासपोर्टच्या प्रतीशी पाच वेळा ताडून पाहिलेलं. तिकीट सोबत जोडलंय. माझं काढलेलं नाही.

एकटी जावंसं वाटलं तर एकटी जा, मैत्रिणीला न्यावंसं वाटलं तर ने. मी यावं असं वाटलं तर सांग, कुठल्याही वर्गात, कुठल्याही कोपऱ्यात बसेन. आणि ते अकरा महिने पुन्हा कधी सांगावेसे वाटले, तर मी मध्ये बोलणार नाही.

सगळ्यांत आधी जिला सांगायला आली होतीस, ती तुझी
ताई