सोजरबाई नावाचा घोटाळा

६ मे १९५७, सोमवार. केनवड.

पोहोचलो. मालेगावपर्यंत मोटार, पुढे बैलांची दमणी. दमणीत कमरेचे सगळे मणके एकेक करून मोजून झाले. ऑडिटची सुरुवात उत्तम.

कॉलेजच्या नियमाप्रमाणे तीन आठवडे प्रात्यक्षिक करायचे आहे. सर्टिफिकेट मिळाले तर बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला नागपूर. नाही मिळाले तर बाबांनी सांगून ठेवले आहे: रिसोडला मामाच्या लाकडाच्या वखारीत ओंडके मोजत बसायचे. तेव्हा मिळालेच पाहिजे. मिळणारच.

सहकारी खात्याचे ऑडिटर गोविंदसिंग साहेब मला इथल्या सोसायटीत सोडून दुसऱ्या गावांच्या फेरीवर गेले. मी जुन्या पावत्या तारीखवार लावायच्या, टिक मारायची आणि मुख्य म्हणजे चालू कीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, रोज वाचायची. जाताना म्हणाले, हिरवी शाई वापरू नका, ती ऑडिटरची. मी आठ रुपयांचे पेन हिरवी शाई भरूनच आणले आहे. पुढे लागणारच.

संकल्प: ज्यांचे ऑडिट करायचे त्यांचा चहासुद्धा घ्यायचा नाही. हे सेक्रेटरी रामरावांना तोंडावर सांगितले. ते घाबरले असावेत. म्हणाले, "बरं हाये साहेब. मंग जेवनाचं मोठीमाय पायते तुमच्या."

मोठीमाय म्हणजे शेजारच्या घरातली म्हातारी. सगळा गाव तिला मोठीमायच म्हणतो. संध्याकाळी टोपली घेऊन आली. ज्वारीच्या भाकरी, बेसन, ठेचा. पाच भाकरी खाल्ल्या. प्रवास झाला होता.

७ मे.

मोठीमाय दोन्ही वेळा आली. पुन्हा पाच. आज प्रवास नव्हता, पण कालचा बाकी होता.

एक अनोळखी बाई आपल्याला पोटच्या पोरासारखे जेवू घालते, याचा विचार केला. व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव. दुसरे काही कारण दिसत नाही.

९ मे.

आज २१२ टिका. आता न बघताही टिक मारता येते. उद्यापासून चालू कीर्द.

१० मे.

उद्यापासून चालू कीर्द. ऊन फार आहे.

१२ मे, रविवार.

आमरस. सात वाट्या. मोठीमाय म्हणाली, "खाय बाबू, लाजू नोको." लाजलो नाही.

रामराव दारात उभे राहून बघत होते. त्यांच्याही घरी आंबे असतील. पण संकल्प म्हणजे संकल्प. त्यांचा एक आंबा घेतला नाही.

१६ मे.

पोट बिघडले. आमरसाचा संबंध नाही, त्याला चार दिवस झाले. पाणी बदलल्यामुळे. दिवसभर पेज आणि मीठ. काम बंद.

१७ मे.

तसेच. पेज. मोठीमाय दोनदा कपाळाला हात लावून गेली. आईची आठवण झाली आणि डोळे भरून आले. अशक्तपणा आहे.

१९ मे.

साहेबांचे कार्ड: "शुक्रवारी २४ ला येतो. काय केले ते सोसायटीच्या पंचांसमोर दाखवा. त्यावर सर्टिफिकेटचे ठरवू."

काय दाखवणार? दोन हजार टिका? एखादा घोटाळा हवा. लहानसा चालेल. रामराव इतके साधे दिसतात की संशय घ्यायलाच हवा.

२० मे.

कोंबडी! तुफान झणझणीत. आजारातून उठलो म्हणून. मोठीमायला म्हणालो, माझ्यासाठी एवढा खर्च कशाला. तिने रामरावांकडे पाहिले. रामरावांनी आढ्याकडे पाहिले.

२१ मे, सकाळी ११.

सापडला!!

चालू कीर्द उघडली (आजवर मुद्दामच उघडली नव्हती, चोर बेसावध राहावा म्हणून). किरकोळ खर्चात रोज एक नोंद: "सोजरबाई, ७५ नये पैसे, हस्ते रामराव." पुढे अंगठा. काम काय केले, एक शब्द नाही.

सुरुवात ६ मेला. म्हणजे मी ज्या दिवशी गावात पाऊल टाकले त्याच दिवशी. केवढे धाडस! १२ तारखेला तर १ रुपया ५० नये पैसे, रविवार पाहून डल्ला मारलेला. १६ आणि १७ला फक्त वीस-वीस. त्या दिवशी हिंमत खचली असावी. मी आजारी नसतो तर तेव्हाच पकडले असते. आणि काल? दोन रुपये! मी कोंबडी खात असताना!

ही सोजरबाई बोगस आहे. या नावाची बाई या गावात असूच शकत नाही. पंधरा दिवस झाले, मला एकदाही दिसलेली नाही.

२२ मे.

रामरावांना सहज विचारल्यासारखे विचारले, सोजरबाईचे काय प्रकरण आहे? माणूस कानापर्यंत लाल झाला. "कायले इचारून राह्यले साहेब? जाऊ द्या ना. तो विषय बरा दिसत नाही." गुन्ह्याची कबुली याहून वेगळी काय असते!

गावात चौकशी केली नाही, गुप्तता महत्त्वाची. फक्त मोठीमायला विचारले, कारण ती आपली. ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, "हाये एक बुढी. तुले काय करा लागते तिचं?" तिलाही धमकावलेले दिसते. गरीब बिचारी. तिच्यासाठी तरी हे प्रकरण धसास लावले पाहिजे.

२३ मे.

रिपोर्ट तयार. चार पाने, इंग्रजीत, हिरव्या शाईत. बाबांना कार्ड टाकले: सर्टिफिकेट तर मिळेलच, शिवाय काही ऐकायलाही मिळेल.

२४ मे, शुक्रवार.

साहेब आले. पंच आले. मी रिपोर्ट उभा राहून वाचला. शेवटी टेबलावर हात आपटून म्हणालो, हिंमत असेल तर ही सोजरबाई आत्ता इथे हजर करा.

रामराव जमिनीकडे बघत होते. दारात मोठीमाय माझ्या जेवणाची टोपली घेऊन उभी होती.

रामराव तिच्याकडे बोट करून अगदी हळू म्हणाले, "हे काय साहेब. हजर हाये."

पुढचे थोडक्यात लिहितो. साहेबांनी कीर्द पाहिली आणि मला एवढेच विचारले की बारा तारखेला काय जेवलात? मी म्हणालो, आमरस. किती? सात वाट्या. सोळाला? पेज. वीस तारखेचे त्यांनी विचारलेच नाही. पंच इतके हसले की एकाला ठसका लागला.

साहेब रामरावांवर चिडले, अहो, याला आधीच का नाही सांगितले? रामराव म्हणाले, "पाव्हन्याले त्याच्या जेवनाचा खर्च सांगते का कोनी?"

साहेबांचा निकाल: ऑडिटच्या माणसाने सोसायटीच्या पैशाने जेवणे नियमात बसत नाही. खाणाऱ्याकडून वसूल करा. एकूण चौदा रुपये चाळीस नये पैसे. ते भरेपर्यंत सर्टिफिकेट नाही.

माझ्याजवळ नऊ रुपये. रामरावांनी पेन सहा रुपयांना घेतले, तेही मी फार आग्रह केला म्हणून. त्याच पेनाने त्यांनी कीर्दीत माझे नाव जमेला लिहिले. हिरव्या शाईत. साहेबांनी हरकत घेतली नाही.

२५ मे.

ठरवले होते, उपाशी निघायचे. टोपली आलीच. म्हणालो, मोठीमाय, आता सोसायटी पैसे देणार नाही. म्हणाली, "मले ठाव हाये. मंग तुयी भूक बंद झाली का?"

मग भाकरी वाढता वाढता, काही मनात न ठेवता सांगितले, "येका टायमाले दोन भाकरीचा भाव ठरला व्हता बाबू. वरच्या तीन माह्या घरच्या. पन पोराच्या भाकरी काय मोजाच्या?"

लाज वाटली. खरोखर वाटली, जमिनीत जावेसे वाटले. चारच खाल्ल्या.

म्हणजे कीर्दीतली रक्कम चुकीचीच होती. माझा संशय अगदीच खोटा नव्हता, फक्त चोर दुसरा होता.

२७ मे. रिसोड.

सर्टिफिकेट मिळाले! साहेबांनी लिहिले आहे: "यांनी कीर्द बारकाईने तपासली. आढळलेली एकमेव गैरवाजवी रक्कम, रु. १४.४०, यांच्या उपस्थितीत पूर्ण वसूल झाली."

बाबांनी दोनदा वाचले. मग गल्लीत सगळ्यांना सांगितले की आमच्या जगदेवने घोटाळा पकडला. मामा म्हणाले, असा माणूस वखारीत फुकट गेला असता. मी काही बोललो नाही. ऑडिटरने गुप्तता पाळायची असते.

८ जुलै. नागपूर.

प्रवेश झाला. कारकुनाने सर्टिफिकेट वाचले नाही, फक्त शिक्का पाहिला.

वरच्या भाकरींचा हिशेब केला. बारा रुपये निघतात. तूर्त पाचची मनीऑर्डर केली. नाव नीट, कीर्दीत होते तसेच लिहिले: सोजरबाई, मुक्काम केनवड. पोस्टातून बाहेर पडलो तेव्हा फार हलके वाटले. उरलेले सात पुढच्या महिन्यात नक्की.

२२ जुलै.

मनीऑर्डर परत आली. पोस्टमनचा शेरा: "या नावाची बाई गावात नाही."

आता "मोठीमाय" लिहून पुन्हा पाठवायला हवी. उद्या नक्की. आजच पाठवणार होतो, पण खानावळवाल्याने दारातच अडवले. म्हणतो, दोन भाकरींच्या वर जास्तीच्या भाकरींचे वेगळे पैसे पडतात. पाच रुपये झाले होते. दिले.