किटली इस्त्रीसाठी थांबते

प्रिय धाकट्या,

त्या सकाळी मी मशीनमध्ये कपडे टाकले, दूध तापत ठेवलं, तेवढ्यात डबा भरला आणि तुझ्या दादांचा शर्ट इस्त्रीला घेतला. हे टेबलाशी पेन्सिल घेऊन बसलेले. म्हटलं, बसल्या जागेवरून दुधाकडे तरी बघा. तर म्हणतात कसे, दुधाकडे तू बघतेसच, मी तुझ्याकडे बघतोय.

त्यांचं सॉफ्टवेअर मोठ्या सर्किटचं गणित सोडवायला नऊ तास घ्यायचं. आठ प्रोसेसर, पण राबायचा एकच. बाकीचे सात पाहुण्यांसारखे बसून. त्या सकाळी त्यांनी माझी कामं कागदावर मांडली आणि कोणतं काम कोणासाठी थांबतं ते बाणांनी दाखवलं. जी एकमेकांसाठी थांबत नाहीत, ती एकदम करायची. मग सर्किटचेही तसेच तुकडे पाडले. नऊ तासांचे दोन झाले, तेव्हा हा माणूस घरभर नाचला. तू आला होतास. हसत म्हणालास, वहिनी, आवर गं ह्याला.

ते गेल्यावर तू त्यांची वही मागितलीस, आठवण म्हणून. मी कव्हर घालून दिली. वहिनीला यातलं काय कळतंय, असं वाटलं असेल तुला. पण सहा वर्षं मी त्यांचीच पुस्तकं वाचतेय, शब्दकोश मांडीवर घेऊन. सोमवारी वाचनालयात मासिकात तुझा लेख दिसला. केवढ्या कौतुकाने उघडला! दादांचं नाव शोधत शेवटच्या ओळीपर्यंत गेले. पद्धत तुझी, आणि सुचली म्हणे तुझ्या बायकोची सकाळची धावपळ बघून.

लेखातल्या आकृतीत एक बाण आहे: किटली इस्त्रीसाठी थांबते. अरे, तुझ्या घरात भिंतीभिंतीला प्लग आहेत. विजेची किटली आणि इस्त्री एकदम लावल्या की फ्यूज उडायचा तो आमच्या जुन्या स्वयंपाकघरात. हा बाण इथे कशाला, असं उतरवून घेतानाही तुझ्या मनात आलं नाही.

वहीत होती ती नक्कल. पहिला कागद, त्यांच्या अक्षरातला, तारखेसकट, माझ्या पुस्तकात खुणेला होता. तुला हे परक्याकडून कळू नये, म्हणून लिहितेय. मंगळवारी घरची कामं उरकून मी मासिकाच्या कचेरीत गेले आणि तो कागद संपादकांच्या हातात दिला.

अजूनही तुझीच,
वहिनी