लिनक्सची पहिली बॅच

६ मार्च २०१३
संकल्प. पाच वर्षांत सॉफ्टवेअरच्या मोठ्या कंपनीची सद्दी संपवायची. सुरुवात टी.व्ही. सेंटर चौकातल्या आपल्या कॉम्प्युटर क्लासपासून. सगळ्या कॉम्प्युटरवरून तिचं सॉफ्टवेअर उडवलं, लिनक्स टाकलं. जगभरच्या लोकांनी मिळून केलेलं, फुकट, कुणीही उघडून दुरुस्त करावं असं.
प्रिंटर बंद पडला. किरकोळ.

११ मार्च
डेमोला खोली भरली. मक्तेदारीवर रंगात आलो, तेवढ्यात टँकरचा हॉर्न. सगळे हंडे आणायला पळाले. मीही पळालो. परत कुणी आलं नाही. दोष दुष्काळाचा, भाषणाचा नाही.

१२ मार्च
साहेबराव मुलीसाठी चौकशीला आले. म्हणाले, सॉफ्टवेअर फुकट हाय व्हय? मंग फी कशाची घेता, सर?
बाळबोध प्रश्न. उत्तर उद्या देईन.

१३ मार्च
आले नाहीत. बरंच झालं.

२ एप्रिल
बॅच सुरू! विद्यार्थी: रूपाली (बायको). रिकाम्या खुर्च्या वाईट दिसतात म्हणून बसवली. फी नाही. लई प्रश्न विचारते. प्रिंटर तिनं चालू केला. योगायोग.

९ ऑगस्ट २०१५
पाऊस नाही. बॅच नाही. शेजारच्या क्लासात मोठ्या कंपनीचा कोर्स, दाराशी चपलांचा ढीग. चहावाल्या सांडूला सांगितलं, तुझ्या मोबाइलच्या पोटातसुद्धा लिनक्सच आहे. म्हणाला, मंग चार्जिंग का टिकत नाय?
रूपाली परदेशातल्या कुणाच्या तरी लिनक्सच्या प्रोग्राममधल्या चुका काढून पाठवते. फुकट. वेडी आहे.

२० एप्रिल २०१६
विजय! पेपरात आलंय, मोठी कंपनी आता स्वतःच लिनक्स वापरते. शत्रू शरण आला. मला कळवायला मात्र कुणी आलं नाही.
घरमालकाला क्लासची जागा मेडिकलसाठी हवी आहे. क्लास जाऊ देणार नाही.

१४ मे २०१९
पुन्हा टँकर. रूपालीला नोकरी लागली. चिकलठाण्याच्या ऑफिसात, मोठ्या कंपनीचं लिनक्स सांभाळायला. तिनं काढलेल्या चुका त्यांनी पाहिल्या होत्या. शत्रूच्या गोटात! ती म्हणाली, गोट त्यांचा, पण आत सगळं आपलंच हाय की.
खूप एकटं वाटलं.

१ जून
क्लास वाचला. कॉम्प्युटरवर मोठ्या कंपनीचं सॉफ्टवेअर परत टाकलं, तिचाच कोर्स सुरू केला. तात्पुरतं. साहेबराव धाकटीला घेऊन आले. फी कशाची ते विचारलं नाही. ते फुकटवालं कुठं गेलं, विचारलं. म्हणालो, आमच्या रूपाली मॅडमला त्याचाच पगार मिळतो. सहा वर्षांनी उत्तर सापडलं.
रविवारपासून लिनक्सची दुसरी बॅच. शिक्षक: रूपाली. विद्यार्थी: मी. फी नाही. फक्त लई प्रश्न विचारू नका, म्हणाली.