ओट्यावरची पावलं

यवतमाळ,
३ नोव्हेंबर २०२४

आदरणीय ममता मावशीस,
पायलचा सविनय जयभीम. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. थंडीबरोबर आईची गुडघेदुखी परत आली, आणि गुडघ्यांबरोबर कुरकूरही. २२ डिसेंबरला माझा आणि राजदीपचा मंगल परिणय ठरला, हे तुला ठाऊकच आहे. विहारात वंदना झाली की घरची मोठी माणसं दोन शब्द बोलतात. तसं तू बोलावंस, ही माझी मागणी. मावसाजींची ती गोष्ट सांग. राजूरला कोळशाचे ट्रक दिवसभर धूळ उडवायचे, आणि खाणीतली पहिली पाळी संपवून मावसाजी चारला आले, की घरात शिरण्याआधी ओट्यावरच्या धुळीत उमटलेली तुझी पावलं बघत बसायचे. लहानपणी हे ऐकूनच मी ठरवलं होतं, नवरा करीन तर असाच.

राजदीप तसाच आहे. मी कुठे आहे ते त्याला फोनवरच्या नकाशात दिसतं. रस्त्यात दहा मिनिटं थांबले तरी काळजीनं फोन करतो. आमच्या ग्रंथालयातल्या मुली जळतात माझ्यावर.

लोभ आहेच, आता दोघांवर करावा.
तुझी,
पायल

राजूर,
८ नोव्हेंबर

चि. पायल हीस,
मावशीचा सप्रेम जयभीम आणि पुष्कळ आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. पोस्टमननं दोनदा नाव वाचून खात्री करून घेतली. आठवड्यातून दोनदा फोन करणारी तू, एकदम कागदावर का उतरलीस ते मात्र लिहिलं नाहीस. भाषण काही मला जमायचं नाही. तुझ्या आईला सांग, ती शाळेपासूनची बडबडी.

तुझे मावसाजी जाऊन चौदा महिने झाले. ते येईपर्यंत ओटा झाडायचा नाही, हा त्यांचा नियम. मी अजून चार वाजल्याशिवाय झाडू हातात घेत नाही. परवा माझी कंबर धरली म्हणून शेजारच्या रुखमाबाईनं भर दुपारी ओटा झाडून दिला. तो स्वच्छ ओटा पाहून माझी नजर आधी घड्याळाकडे गेली. मी तिला नको ते बोलले. आता कोणाले भेतं वो बाई, एवढंच म्हणून ती गेली. मग मी रस्त्यावरची धूळ ओंजळीनं आणून ओट्यावर पसरली. वेड लागलं म्हणशील.

तब्येतीला जप. लोभ कमी न व्हावा.
तुझी मावशी,
ममता

यवतमाळ,
१३ नोव्हेंबर

आदरणीय मावशीस,
सविनय जयभीम. वि. वि.

कागदावर उतरले, कारण माझे सगळे मेसेज, आणि मी कोणाशी किती वेळ फोनवर बोलले तेही, राजदीपच्या फोनवर दिसतं. आपल्यात लपवायचं काय, असं तो म्हणतो आणि स्वतःचाही फोन माझ्यापुढे ठेवतो.

गेल्या सोमवारी माझ्या फोनची बॅटरी संपली. मी ग्रंथालयातल्या राखीबरोबर बसस्टँडसमोर आलूबोंडा खात होते. नकाशातलं शेवटचं ठिकाण पाहून तासाभरात तो समोर हजर. रागावला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. असं प्रेम करणारा मलेही भेटो, असं राखी म्हणाली. मी हसले, पण उरलेला आलूबोंडा तिच्याकडे सरकवला.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मावसाजी पावलं बघायचे, तेव्हा तुला बरं वाटायचं का? महिनाअखेरीला पत्रिका छापायला जातील. त्याआधी सांग.

लोभ असू दे, आत्ता त्याची फार गरज आहे.
पायल

राजूर,
१८ नोव्हेंबर

चि. पायल हीस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

नाही. बरं वाटत नव्हतं.

ते पावलं मोजायचे. मी कितीदा बाहेर गेले, कोणाची चप्पल दारापर्यंत आली. कधी हात उचलला नाही, आवाज चढवला नाही. कुठं गेलती, एवढंच विचारून माझ्याकडे बघत राहायचे. मी माझ्याच पावलांत पाय टाकून चालायला शिकले. एकदा हसतहसत तुझ्या आईला हे सांगितलं, तर तिला त्यात प्रेम दिसलं. ते ऐकायला इतकं गोड वाटलं, की पुढे मीही तसंच सांगू लागले.

तुझी आजी वणीला दवाखान्यात होती, तेव्हा तिची शेवटची घटका आल्याचा निरोप मला सकाळी दहालाच मिळाला होता. बस चुकली, असं मी सगळ्यांना सांगितलं. बस चुकली नव्हती. मी ओट्यापर्यंत गेले आणि परत आत आले. चारला ते आले, त्यांनीच मला गाडीवर बसवून नेलं, रस्ताभर धीर दिला. आई तीनलाच गेली होती.

तरी ते आठवतात. चार वाजले की छाती धडधडते, आणि कोणी आलं नाही की रडू येतं. हे प्रेम की सवय, मला या वयातही कळत नाही. राजदीपला मी वाईट म्हणत नाही. तुझे मावसाजीही वाईट नव्हते. आजी गेली त्या दिवशी दाराला बाहेरून कडी नव्हती, पायल. मला कोणी अडवलं नव्हतं.

येत्या रविवारी इकडे ये. त्याला विचारू नकोस. जातेय, एवढंच सांग, आणि तो काय म्हणतो ते नीट ऐक.

माझा लोभ आहे. तू ठेवलास तर बरं वाटेल, नाही ठेवलास तरी तो राहील.
तुझी मावशी,
ममता